चावी काढली तरी इंजिन चालूच : डब्ल्यू123 डिझेल मर्सिडीजचं व्हॅक्यूम लीकेज शोधताना

आधी लक्षणं बघा. यातली दोन जरी तुमच्या गाडीत दिसत असतील तर पुढचं वाचा.

- चावी बंद केली की इंजिन लगेच थांबत नाही. पाच-दहा सेकंद रेंगाळतं, मग सगळी गाडी हलवून बंद पडतं. कधी बंदच होत नाही. चावी तुमच्या हातात आणि इंजिन आपलं घरघरतंय.
- ड्रायव्हरच्या दाराला चावी लावली की चारही दारं, डिकी आणि डिझेलच्या टाकीचं झाकण एकदम लॉक व्हायला हवं. त्यातलं एखादं मागे राहतं. किंवा संध्याकाळी सगळं नीट चालतं आणि रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं.
- ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर बदलताना पाठीत धक्का बसतो.
- एसी चालू आहे, पण हवा समोरच्या जाळ्यांतून न येता काचेवर किंवा पायांकडे जाते.
- ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा कडक लागतं.

शेवटचं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. पेडल कडक असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, फ्लॅटबेड म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा. बाकीचा शोध उभ्या गाडीत निवांत करता येतो. फक्त इंजिनाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातून लयीत टक-टक असा नवा आवाज येत असेल तर इंजिन चालू न करता आधी शेवटचा पंपाचा भाग वाचा.

हे सगळं 200डी, 240डी, 300डी या गाड्यांबद्दल आहे, ज्यांचं इंजिन चावीनेच बंद होतं. डब्ल्यू123 ही मालिका 1976 ला आली आणि 1986 च्या सुरुवातीला बंद झाली. जवळपास 27 लाख गाड्या निघाल्या. पेट्रोलवाल्या 230ई, 280ई मध्ये इंजिन बंद न होण्याचं हे कारण नसतं, कारण तिथे ठिणगी बंद झाली की विषय संपला. आणि पुण्यात 1995 पासून टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जुळायला लागलेली पहिली देशी मर्सिडीज म्हणजे डब्ल्यू124. तिची लॉक चालवायला वेगळा विजेवरचा पंप असतो, त्यामुळे लॉक बिघडली म्हणून इंजिनाकडे बोट दाखवायचं कारण नाही. डब्ल्यू123 मध्ये मात्र सगळं एकाच माळेत ओवलेलं आहे.

असं का होतं

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नाही. ते थांबवायचं तर डिझेल तोडावं लागतं. मर्सिडीजने ते काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा खेचून तयार केलेल्या पोकळीवर सोपवलं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या पडद्यामागे आपसूक व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलमध्ये तसा पडदा नसल्यामुळे होत नाही. म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवला आहे. त्यातून जाडी नळी ब्रेक बूस्टरकडे (पेडलला जोर देणाऱ्या डब्याकडे) जाते, आणि त्याच नळीवरच्या बारीक निपलांमधून फाटे फुटतात: एक दारांच्या लॉककडे, एक एसीच्या झडपांकडे, ऑटोमॅटिक असेल तर एक गिअरबॉक्सकडे आणि एक चावीच्या कुलपामागच्या छोट्या व्हॉल्व्हकडे. चावी बंद केली की तो व्हॉल्व्ह उघडतो, व्हॅक्यूम इंजेक्शन पंपाच्या (इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या) मागच्या टोकाला असलेल्या शट-ऑफ व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, आतला डायाफ्राम म्हणजे लवचिक पडदा खेचला जातो आणि डिझेल बंद.

सोसायटीत तळमजल्यावरचा एक नळ उघडा राहिला की चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसं हे आहे. बोंब चौथ्या मजल्यावरून येते, म्हणून प्लंबर तिथला नळ बदलत नाही. इथे मात्र नेमकं तेच केलं जातं. इंजिन बंद होत नाही म्हटल्यावर बरेच मेकॅनिक सरळ इंजेक्शन पंप उतरवायची भाषा करतात. पंप कॅलिब्रेशनला गेला की बिल हजारांत, आणि परत आल्यावर इंजिन पुन्हा चालूच, कारण भोक मागच्या डाव्या दारात होतं. त्यामुळे माझा नियम साधा आहे: फाटे एकेक करून बंद केल्याशिवाय एकही महागडा पार्ट विकत घ्यायचा नाही आणि इंजेक्शन पंपाला पाना लावू द्यायचा नाही.

आधी इंजिन बंद करायला शिका

बोनेट उघडा. ड्रायव्हरच्या सीटवरून समोर बघताना इंजिनाच्या डाव्या बाजूला इंजेक्शन पंप आहे. त्याच्या वरच्या अंगाला एक लहानशी दांडी दिसेल, तिच्यावर इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं. चाळीस वर्षांच्या तेलकट धुळीखाली अक्षरं दबली असतील तर कापडाने पुसा. ती दांडी दाबून धरा. इंजिन एक-दोन सेकंदांत थांबेल. सोडायची घाई करू नका, पूर्ण थांबेपर्यंत दाबलेली राहू दे. घरात जो कोणी ही गाडी चालवतो त्या प्रत्येकाला ही दांडी प्रत्यक्ष दाखवून ठेवा, तोंडी सांगून उपयोग नाही.

बॅटरीचं टर्मिनल काढून हे इंजिन बंद होत नाही. रस्त्यावरचा मदतनीस हमखास तेच सुचवतो. चालू इंजिनावर बॅटरी सोडवली तर अल्टरनेटर जाऊ शकतो आणि इंजिन तरीही चालूच राहतं. मॅन्युअल गाडी चौथ्यात टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडला की मरते, पण तो अडीअडचणीचा उपाय. रोज केलात तर क्लच आणि माउंटिंग दोन्ही रडतील.

पुढच्या काही तपासण्या चालू इंजिनावर करायच्या आहेत. पंखा आणि बेल्ट हाताच्या अगदी जवळ असतात. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन, मनगटावरचं कडं, सगळं आधी काढून ठेवा. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला किंवा ‘पी’ वर.

पहिली तपासणी: फुकटची, गाडीत बसल्या बसल्या

ब्रेकपासून सुरुवात. इंजिन बंद असताना पेडल चार-सहा वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं, म्हणजे पंप काहीतरी खेचतोय आणि बूस्टर जिवंत आहे. नाही बसलं तर इथेच थांबायचं. पेडलजवळून सूं-सूं आवाज येत असेल तर बूस्टर फाटलाय. ते काम ब्रेकच्या माणसाचं.

आता लॉक. इंजिन चालू ठेवून ड्रायव्हरच्या दाराची लॉकची खुंटी खाली दाबा, मिनिटभर थांबा आणि चावी बंद करा. इंजिन कसं थांबतं ते बघा. मग गाडी परत चालू करून खुंटी वर घ्या, मिनिटभर थांबा, पुन्हा चावी बंद करा. या गाडीत लॉक करायलाही व्हॅक्यूम लागतो आणि उघडायलाही. ड्रायव्हरच्या दारातला मास्टर स्विच एकदा एका वाटेने व्हॅक्यूम सोडतो, एकदा दुसऱ्या. त्यामुळे खुंटी एका स्थितीत असताना इंजिन झटकन थांबलं आणि दुसऱ्या स्थितीत रेंगाळलं, तर दोष लॉकच्या फाट्यात आहे हे जवळपास नक्की. एक रुपया न घालवता अर्धा शोध संपला. ही तपासणी मी सांगितल्याशिवाय कुठल्या गॅरेजमध्ये झालेली मला आठवत नाही.

एसीच्या बटणांचंही तसंच करून बघा. एक बटण दाबल्यावर इंजिन नीट बंद होतं आणि दुसरं दाबल्यावर नाही, असं असेल तर डॅशबोर्डमागचा एखादा व्हॅक्यूम पॉड, म्हणजे एसीची झडप हलवणारी डबी, फुटलाय.

दुसरी: बोनेटखालचं रबर

नळ्या कडक प्लास्टिकच्या आहेत आणि त्या सहसा टिकतात. त्यांना जोडणारे रबरी एल्बो, टी आणि सरळ कनेक्टर मात्र इंजिनाच्या उष्णतेने भाजून निघतात. नुसतं वरून बघून कळत नाही. प्रत्येक एल्बो दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. कोपऱ्याच्या आतल्या वळणात केसाएवढी चीर उघडते, बोट सोडलं की मिटते. इंजिन चालू असताना पंपाची खेच तीच चीर उघडी ठेवते. नळीवर चढवल्यावर रबर गच्च बसत नसेल, गोल फिरत असेल, तर तेही बाद.

हे तुकडे शेकड्यांत मिळतात. सगळे एकदम बदला. एक बदलला की पुढच्या महिन्यात शेजारचा जातो.

सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी किंवा सलाइनची नळी लावून दिलेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्या आहेत. दोन-चार दिवस चालतं. पण या नळ्यांमध्ये थोडं तरी तेल येतंच, आणि साधं रबर तेलाने फुगून सैल पडतं. सलाइनची नळी गरम इंजिनाजवळ मऊ होऊन आत चिकटते. तात्पुरतं लावायचंच असेल तर इंधनाला टिकणारी, जाड भिंतीची नळी लावा.

पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर उंदीर विसरू नका. लॉकची पिवळी नळी त्यांनी कुरतडलेली मी एकाहून जास्त गाड्यांत बघितली आहे, आणि दातांच्या खुणा नेमक्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या. नळीखालून बोट फिरवत जा. कुरतडलेला भाग सरळ कापून दोन टोकं रबरी कनेक्टरने जोडली की पुरे, अख्खी नळी बदलायची गरज नसते.

तिसरी: फाटे एकेक करून बंद करा

सगळ्यात कामाची तपासणी हीच. जाड्या नळीवरच्या निपलांमधून निघणारे फाटे ओळखा. रंग अजून दिसत असतील तर पिवळी नळी लॉककडे जाते, तपकिरी चावीकडे. रंग उडाले असतील तर हाताने नळी धरून ती कुठे शिरते तिथपर्यंत जा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टीचा तुकडा लावून नाव लिहा. नंतर कोणती कुठली हे कोणालाच आठवत नाही.

आता आधी लॉकचा फाटा काढा आणि निपलाचं तोंड बंद करा. त्यासाठी एका टोकाला गुळगुळीत खिळ्याचा तुकडा गच्च बसवलेला रबरी कनेक्टर पुरतो. आटे असलेला स्क्रू घालू नका, आट्यांमधून हवा शिरते. गाडी चालू करा, मिनिटभर थांबा, चावी बंद करा.

इंजिन पटकन थांबलं? मग लीकेज लॉकमध्ये. दुरुस्ती होईपर्यंत तो फाटा बंदच ठेवून गाडी खुशाल वापरा, फक्त प्रत्येक दार हाताने लॉक करावं लागेल. बहुतेक गाड्यांचा प्रवास इथेच संपतो.

नाही थांबलं तर लॉकचा फाटा बंदच ठेवून एसीचा बंद करा, मग गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्सचा फाटा बंद केला असताना गाडी रस्त्यावर नेऊ नका, शिफ्ट फार कडक होतात. त्या नळीत लालसर तेल दिसलं तर मॉड्युलेटरचा (व्हॅक्यूमवर शिफ्टचा दाब ठरवणाऱ्या भागाचा) डायाफ्राम फाटला आहे आणि गिअरबॉक्सचं तेल खेचलं जातंय. मॉड्युलेटर बदलणं अवघड नाही, पण गाडी वर उचलावी लागते आणि नंतर दाब जुळवावा लागतो. ज्याने मर्सिडीजचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हाताळलाय त्याच्याकडेच द्या.

हे करताना निपलांची भोकंही बघून घ्या. ती बारीक असतात आणि काळ्या चिकटाने बुजतात. बारीक तार घालून साफ करा, ड्रिलने मोठी मात्र करू नका. भोक बारीक आहे म्हणूनच दारातलं लीकेज ब्रेकचा व्हॅक्यूम एकदम पळवत नाही.

ब्रेकची जाडी नळी मात्र या खेळात घेऊ नका. बूस्टर तोडून गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

चौथी: चावीला वळसा

फाटे बंद करूनही इंजिन रेंगाळत असेल तर उरतात तीन संशयित: चावीमागचा व्हॉल्व्ह, शट-ऑफ व्हॉल्व्ह आणि खुद्द व्हॅक्यूम पंप. हातभर रबरी नळी यांच्यातला फरक सांगते.

शट-ऑफ व्हॉल्व्हवर निळी रेघ असलेली तपकिरी नळी येते, ती चावीकडून आलेली. जाड्या नळीच्या निपलावर नुसती तपकिरी असते, ती चावीकडे जाणारी. इंजिन चालू असताना दोन्ही काढा आणि आपली नळी निपलापासून थेट शट-ऑफ व्हॉल्व्हला जोडा. इंजिन त्याच क्षणी मेलं, तर पंप ठीक, शट-ऑफ ठीक. दोष चावीमागे किंवा त्या दोन नळ्यांत. नाही मेलं, तर नळीचं शट-ऑफकडचं टोक काढून त्यावर बोट ठेवा. बोटाचं कातडं आत ओढलं जात असेल तर व्हॅक्यूम आहे, म्हणजे शट-ऑफ व्हॉल्व्ह गेला. नुसती गुदगुल्यांएवढी खेच असेल तर पंपाकडे जायचं. तपासणी संपली की नळ्या जागच्या जागी लावा. वळसा तसाच ठेवलात तर गाडी चालू झाली तरी लगेच मरेल.

निळ्या रेघेची ती नळी काढल्यावर तिच्या टोकाकडे नीट बघा. काळ्या तेलाचा थेंब लोंबत असेल तर आणखी काही तपासायची गरज नाही. शट-ऑफचा डायाफ्राम फाटला आहे, आणि इंजेक्शन पंपातलं इंजिन ऑइल नळीवाटे चावीपर्यंत चढतंय. काही गाड्यांत हे तेल डॅशखालून पायातल्या गालिच्यावर ठिबकतं आणि मालक महिनोन्‌महिने ते कुठून येतं हे शोधत बसतात.

पाचवी: हँड व्हॅक्यूम पंप

इथून पुढे अंदाजाने चालत नाही, काटा लागतो. घड्याळ असलेला हातपंप काही हजारांत येतो. एकच गाडी असेल तर मित्राचा मागून आणा. दोन असतील तर विकत घ्या.

शट-ऑफ व्हॉल्व्हला लावून 15 इंचांपर्यंत (घड्याळावरचे पाऱ्याचे इंच) खेचा आणि मिनिटभर काटा बघा. जरासा सरकला तर चालेल, डोळ्यांदेखत खाली आला तर डायाफ्राम गेला. काटा घट्ट उभा आहे आणि चालू इंजिन तरीही थांबत नाही, अशी स्थिती असेल तर दोष इंजेक्शन पंपाच्या आतल्या थांबवण्याच्या यंत्रणेत आहे. इथे मात्र पंपवाल्याकडे जावंच लागतं, आणि हेच एक कारण आहे ज्यासाठी मी जाईन.

लॉकच्या पिवळ्या नळीला लावून खेचलं तर काटा हळूहळू चढतो, कारण डिकीतली साठवण टाकी आधी रिकामी व्हावी लागते. तिथे दम धरा. त्या नळीत एक एकदिशा व्हॉल्व्ह आहे. इंजिन बंद झाल्यावर टाकीतला व्हॅक्यूम तोच अडवून धरतो. रात्रभरात लॉक मरत असतील पण चालू गाडीत ठीक चालत असतील, तर आधी हा स्वस्तातला व्हॉल्व्ह काढून फुंका. एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही.

मग खुद्द व्हॅक्यूम पंप. घड्याळ पंपाच्या नळीवर, सगळे फाटे बंद. चांगला पंप आयडलिंगवर अर्ध्या मिनिटात 20 इंचांच्या पुढे जातो. हा आकडा समुद्रसपाटीचा. पुणे साधारण 560 मीटरवर आहे, त्यामुळे मुंबईत दिसणाऱ्या आकड्यापेक्षा इथे दोनेक इंच कमीच दिसतील, महाबळेश्वरला चारेक. पंप बदलायला काढण्याआधी हा हिशेब करा. पुण्यात 19 दाखवणारा पंप ‘कमजोर’ म्हणून बदललेला मी बघितलाय.

शट-ऑफ व्हॉल्व्ह बदलताना

घरी होण्यासारखं काम आहे. व्हॉल्व्ह इंजेक्शन पंपाच्या मागच्या टोकाला दोन बोल्टवर बसतो, दहाचा पाना लागतो. जागा अडचणीची आहे. लहान रॅचेट आणि बोटांत पकडायला लोहचुंबक घ्या, कारण बोल्ट खाली पडला की तो परत दिसत नाही. आतल्या दांडीला आकडा असतो आणि तो पंपातल्या खटक्यात अडकलेला असतो, त्यामुळे सरळ ओढून निघणार नाही. थोडा तिरका करून, हलवत सोडवा. नवा बसवताना तोच आकडा नीट अडकला पाहिजे. बोल्ट आवळण्याआधी व्हॉल्व्ह हातात धरून हातपंपाने खेचून बघा, आतली हालचाल बोटांना जाणवते. गॅस्केट नवं. पहिल्यांदा गाडी चालू करताना एकाने चावीवर आणि दुसऱ्याने ‘स्टॉप’च्या दांडीवर हात ठेवून उभं राहायचं. आकडा चुकला असेल तर ती दांडीसुद्धा काम करेलच असं गृहीत धरू नका. मॅन्युअल गाडी असेल तर चौथा गिअर तयारीत हवा, ऑटोमॅटिक असेल तर हे काम सरळ जाणकाराकडून करून घ्या.

दारं

लॉकमध्ये दोष आहे हे कळल्यावर कोणतं दार ते शोधायचं. गॅरेजमध्ये शांतता असताना इंजिन चालू-बंद करून लॉक करा आणि हातभर रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं दाराच्या खालच्या कडेशी फिरवा. फुसफुस ऐकू येते. डिकीचं लॉक आणि डिझेल टाकीचं झाकण यांचे डायाफ्राम सगळे विसरतात, आणि बऱ्याचदा दोषी तेच निघतात. शिवाय ते दारांपेक्षा सोपे, म्हणून आधी ते.

दाराचं पॅनेल काढायचं झालं तर उन्हात दोन तास तापलेल्या गाडीत काढा, थंडीतलं प्लास्टिक काडकन तुटतं. क्लिप आधीच मागवून ठेवा. आतला पावसाचं पाणी अडवणारा कागद किंवा प्लास्टिक फाडू नका. तो नीट परत चिकटवला नाही तर पुढच्या जूनमध्ये गालिचा भिजेल. डायाफ्राम नवे मिळतात. कुर्ल्याच्या भंगारातले जुनेही मिळतात, पण तेही तितक्याच वर्षांचे. हातपंप खिशात घेऊन जा, लावून बघा, काटा उभा राहिला तरच पैसे द्या.

चावीमागचा व्हॉल्व्ह: इथे मी स्वतः हात घालत नाही

हा पार्ट महाग नाही. पण तिथे पोचायला मीटरचं अख्खं कन्सोल बाहेर काढावं लागतं आणि स्टिअरिंग लॉकपर्यंत जावं लागतं. त्यातून या गाडीची जुनी खोड म्हणजे चावीचं कुलूप. चावी आधीच अडकत, दोनदा हलवल्यावर फिरत असेल, तर व्हॅक्यूमचा विचार बाजूला ठेवून आधी कुलपाचं काम करा. ते बंद स्थितीत जाम झालं की स्टिअरिंग लॉक सरळ मार्गाने निघतच नाही, मग कापाकापी. चावी अडकायला लागल्यावर जोर लावू नका, तेल ओतू नका. थेट मर्सिडीजची कुलपं माहीत असलेल्या चावीवाल्याला बोलवा, कुलूप अजून फिरतंय तोवरच.

पंप: इथे सगळ्यांनी थांबायचं

व्हॅक्यूम पंप इंजेक्शन टायमरवरच्या (डिझेल सोडण्याची वेळ जुळवणाऱ्या भागावरच्या) कॅमने चालतो आणि त्याच्या आत एक बेअरिंग असतं. ते बेअरिंग फुटलं तर त्याच्या गोळ्या थेट टायमिंग चेनच्या घरात पडतात. चेन उडाली की व्हॉल्व्ह, पिस्टन, सगळं. पाच लाख किलोमीटर चालणारं इंजिन एका बेअरिंगपायी भंगारात गेल्याची उदाहरणं या गाडीच्या जगात सर्वांना माहीत आहेत.

म्हणून इंजिनाच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातून लयीत टक-टक असा नवा आवाज यायला लागला आणि त्याच सुमारास इंजिन बंद व्हायला रेंगाळू लागलं, तर वरची एकही तपासणी करू नका. दांडी दाबून इंजिन बंद करा आणि परत चालू करू नका, गॅरेजपर्यंतही नाही. तसंच ब्रेकच्या जाड्या नळीत तेल साचलेलं दिसलं तर पंपाचा डायाफ्राम किंवा सील गेलंय. हेही चालवत न्यायचं नाही.

आवाज नाही पण काटा कमी चढतोय, अशा वेळी पंप उतरवून बेअरिंगची ढिलाई आणि आतले व्हॉल्व्ह बघून घेता येतात, दुरुस्तीचं किटही मिळतं. ज्याच्याकडे देणार त्याला आधीच एक प्रश्न विचारा: पंप काढल्यावर टायमर आणि कॅमची घासलेली बाजू बघणार का? ‘त्याची काय गरज’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. आणि तुमच्या गाडीचा पंप मूळचा, कधीच न उघडलेला असेल आणि गाडीचा इतिहास माहीत नसेल, तर तो ठीक चालत असतानाच एकदा उतरवून बघणं स्वस्त पडतं.

काम झाल्यावर परीक्षा घ्यायची ती अशी: गाडी पूर्ण गरम करा, एसी चालू ठेवा, लॉक दोन-तीनदा चालवा, ब्रेक दोनदा दाबा आणि लगेच चावी बंद करा. इंजिन एक-दोन सेकंदांत थांबलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू न करता दाराला चावी लावा. डिझेलच्या टाकीच्या झाकणाची खुंटी खट्‌ वाजली तर रात्रभर व्हॅक्यूम टिकला.